‘पाणी गोठते म्हणून’ एवढ्यावरच उत्तर का थांबतं? : आठवी ते दहावीच्या प्रत्येक विषयातलं वाचन-लेखन

चौथा_तास (धागाकर्ता)

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा दोन गुणांचा प्रश्न असतो. नमुन्यासाठी नेहमीचाच घेऊ : थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. निम्म्या वह्यांत उत्तर येतं, ‘कारण पाणी गोठते.’ पूर्णविराम. उरलेल्यांत गाईडमधला परिच्छेद येतो, त्यातलं मधलं एखादं वाक्य गळलेलं असतं आणि ते गळल्याचा लिहिणाऱ्याला पत्ताही नसतो.

दोन्ही प्रकारच्या मुलांना विज्ञान येत असतं. तोंडी विचारा, बरोबर सांगतात. गाडं अडतं ते कारणापासून परिणामापर्यंत वाक्यांचा पूल बांधताना. तो पूल मराठीच्या तासाला बांधून मिळत नाही. तो विज्ञानाच्याच तासाला बांधावा लागतो, म्हणून हा धागा.

चाळीस मिनिटांच्या तासातली शेवटची पंधरा मिनिटं पुरतात. फळ्यावर सहा वाक्यं मुद्दाम उलटसुलट लिहायची : नळ फुटतो / तापमान ४ अंशांखाली जाते / बर्फाला नळात जागा पुरत नाही / पाणी प्रसरण पावू लागते / ० अंशाला बर्फ होतो व आकारमान वाढते / आतून भिंतीवर दाब येतो. बाकावरच्या जोडीने क्रम लावायचा, लिहायचं फक्त आकड्यांत. क्रम जमला की दोन वाक्यांच्या मध्ये जोडशब्द : त्यामुळे, परिणामी, म्हणून, तेव्हा. मग वही मिटायची आणि ते चार ओळींत स्वतः लिहायचं.

तपासायची कसोटी एकच. प्रत्येक वाक्यानंतर ‘बरं, मग काय झालं?’ असं विचारायचं आणि प्रश्नातलेच शब्द शेवटच्या वाक्यात येईपर्यंत थांबायचं नाही. प्रश्न ‘नळ फुटतात’ म्हणतो, तर उत्तराचं शेवटचं वाक्य ‘म्हणून नळ फुटतात’ असंच हवं. मुलं तिथवर पोचत नाहीत, कारण ते प्रश्नातच छापलेलं असतं. पुन्हा कशाला लिहायचं, असं त्यांना वाटतं.

इतर विषयांत काय करता ते लिहा.

---

पारा_शून्य

धागा छान, पण तुमच्या साखळीत एक कच्चा दुवा आहे. ४ ते ० अंशांच्या दरम्यान पाणी प्रसरण पावतं हे खरं, पण किती? लीटरमागे जेमतेम ०.१३ मिलिलीटर. त्याने नळ फुटत नाही. द्रवाचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, म्हणजे लीटरमागे ९० मिलिलीटर. नळ फोडतो तो हा आकडा.

हे भाषेच्या धाग्यावर लिहितोय, कारण चूक लेखनाचीच आहे. छोटं आणि मोठं कारण एकाच मापाच्या दोन वाक्यांत बसवलं की वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. मुलांना ‘काही प्रमाणात’, ‘मुख्यतः’, ‘नगण्य’ हे शब्द द्या. विज्ञानाच्या वह्यांत ते जवळजवळ दिसतच नाहीत.

---

चौथा_तास

मान्य. फळ्यावर दोन वेगळ्या पायऱ्या ठेवतो आणि दुसरीला ‘मुख्यतः’ जोडतो. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा पाण्याच्या असंगत आचरणाखाली (४ अंशांखाली थंड होताना आकुंचनाऐवजी प्रसरण) येतो, त्यामुळे सगळा भार ४ अंशांवर पडतो.

---

त्रिज्या

गणितवाल्यांना वाटतं आपल्याकडे भाषा नाहीच. शाब्दिक उदाहरण आलं की कळतं.

मीनाकडे १२ पेन आहेत. ते नीताच्या पेनांपेक्षा ५ ने जास्त आहेत. नीताकडे किती? आठवीत निम्म्या वर्गाचं उत्तर १७ आलं तर नवल वाटायला नको. दोष त्या तक्त्याचा, जो खालच्या वर्गांपासून भिंतीवर लटकतो : ‘जास्त, एकूण, मिळून = बेरीज; कमी, उरले = वजाबाकी’. तो तक्ता काढून टाका. शब्दावरून चिन्ह ठरत नाही. कोण कोणापेक्षा, यावरून ठरतं. ‘अ हा ब पेक्षा ५ ने मोठा’ याचं अ + ५ = ब होतं, कारण डोळ्यांना आधी अ दिसतो आणि मग ‘मोठा’.

उपाय म्हणजे तीन वाचनं. पहिलं पेन्सिल खाली ठेवून : गोष्ट काय आहे ते शेजाऱ्याला सांगा, आकडे न उच्चारता. ‘मीनाकडे नीतापेक्षा जास्त पेन आहेत’ इतकं आलं तरी निम्मं काम झालं. दुसरं वाचन फक्त विचारलेल्या ओळीचं, तिच्याखाली रेघ. तिसऱ्या वाचनात एकेका वाक्यांशाचं समीकरण. समीकरण झालं की उत्तर काढण्याआधी एक साधी संख्या घालून ते मराठीत परत वाचायचं. अ = ब + ५ मध्ये ब = १० घाला, अ येतो १५, मोठा कोण? अ. जमलं.

वयाच्या उदाहरणांत आणखी एक ठरलेला खड्डा : ‘५ वर्षांनंतर वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल.’ वडिलांत ५ मिळवतात, मुलाला तसंच ठेवतात. वाक्यात ‘५ वर्षांनंतर’ एकदाच येतं म्हणून. ते वाक्य दोन वाक्यांत फोडायला लावा : ५ वर्षांनंतर वडील किती? ५ वर्षांनंतर मुलगा किती?

भूमितीत तर सगळा खेळ वाक्याचा. ‘समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात.’ पक्ष (काय दिलं आहे ते) लिही म्हटलं की मुलं गप्प. पण हेच जर-तर मध्ये घाला : जर एखादा चौकोन समांतरभुज असेल, तर त्याचे कर्ण परस्परांना दुभागतात. ‘जर’पासून स्वल्पविरामापर्यंत पक्ष, ‘तर’च्या पुढे साध्य (काय सिद्ध करायचं ते). दहा प्रमेयं नुसती जर-तर मध्ये लिहून घ्यायची, सिद्धता नाही, आकृती नाही. एक तास जातो. मग व्यत्यास वेगळा शिकवावा लागत नाही, दोन तुकड्यांची अदलाबदल केली की झाला. तो खरा आहे का, हे मात्र वेगळं तपासायचं.

---

जुनी_वही

सगळं छान आहे हो. पण वर्गात साठ मुलं, डिसेंबरात अभ्यासक्रम संपवायचा, जानेवारीत सराव परीक्षा, वर शाळाबाह्य कामं. त्यात ‘तीन वाचनं’? भाषेचं काम भाषेच्या शिक्षकांचं. विज्ञानवाल्याने शुद्धलेखन काढत बसायचं का?

---

नदीकाठ

वही दादा, मराठी शिकवणाऱ्यांच्या बाजूने उत्तर देते. शुद्धलेखन कोणीच म्हणालेलं नाही. मराठीच्या तासाला रसग्रहण होतं, पत्र होतं, कथापूर्ती होते. तिथे ‘सोनेरी किरणांनी सृष्टी न्हाऊन निघाली’ असं लिहिलं की पाठ थोपटली जाते. तेच मूल विज्ञानात ‘सूर्याच्या प्रखर किरणांनी पाणी उडून जाते’ लिहितं, आणि तिथे ‘बाष्पीभवन होते’ हवं असतं. दोन्ही तासांना ‘छान लिही’ म्हणतात आणि दोन्हीकडे छानचा अर्थ निराळा. तो सांगायचा कोणी? मराठीच्या बाईंनी विज्ञानातला सांगायचा म्हटलं तर त्यांनाच तो नीट ठाऊक नसतो.

ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडमध्ये १९७५ च्या बुलक समितीच्या अहवालाने भाषा ही सगळ्या विषयांची जबाबदारी असल्याचं मांडलं. आपल्याकडे बी.एड. दोन वर्षांचं झालं तेव्हापासून त्यात ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ (सर्व विषयांतली भाषा) नावाचा एक स्वतंत्र विषय आहे. पेपर देऊन सगळे विसरतात, तो भाग वेगळा.

मराठीच्या शिक्षकाला करता येण्याजोगं एक काम मात्र आहे : शब्द फोडणं. अप + वर्तन, परा + वर्तन. अभिसारी म्हणजे एकीकडे येणारे, अपसारी म्हणजे दूर जाणारे. पाचसहा उपसर्ग हाताशी आले की भिंगाच्या धड्यातली निम्मी भीती जाते. आणि एकच शब्द वेगवेगळ्या तासांना वेगळा अर्थ घेऊन येतो, त्याचा तक्ता वर्गात लावा. ‘घन’ : कवितेत ढग, गणितात क्ष चा घन, आणि ‘दाट’ या अर्थातून विज्ञानातली घनता, भूगोलात लोकसंख्येची घनता. ‘मूळ’ : झाडाचं, वर्गमूळ, समीकरणाचं. ‘धातू’ : लोखंड-तांबं, आणि व्याकरणात ‘कर, बस, जा’. ‘कार्य’ तर सर्वांत फसवं. डोक्यावर ओझं घेऊन तासभर उभा राहिलेला हमाल विज्ञानाच्या लेखी त्या ओझ्यावर शून्य कार्य करतो, हे मुलांच्या पचनी पडत नाही, कारण त्यांच्या मराठीत तो राबतोय.

---

रोखा_१८७५

इतिहासातली दुखणी वेगळी. इथे मुलं कारणाऐवजी विशेषण लिहितात. ‘शेतकऱ्यांनी उठाव का केला?’ ‘कारण सावकार अत्यंत जुलमी होते.’ संपलं.

दख्खनचे दंगे घ्या. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचं गाव. शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली, कर्जाचे रोखे आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. वर्गात एकच प्रश्न वाढवा : सावकार तर १८५५ मध्येही होते, १८७० मध्येही होते. मग तेव्हाच का? ‘का’ आणि ‘तेव्हाच का’ हे दोन प्रश्न फळ्यावर दोन रकान्यांत लिहायचे. पहिल्या रकान्यात कायमची परिस्थिती येते : रोख सारा, कर्ज, कोर्टात सावकाराची सरशी. दुसऱ्यात घटना येतात आणि त्यांना साल असावंच लागतं : १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू, इकडच्या कापसाला भाव, सावकाराने हात सैल सोडून दिलेली कर्जं, १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, त्याच सुमारास फेरआकारणीत सारा वाढला, सावकाराने नवं कर्ज देणं थांबवलं. दुसऱ्या रकान्यातल्या ओळीला साल नसेल तर ती पहिल्यात जाते. नियम इतका साधा आहे की मुलंच एकमेकांच्या वह्या तपासतात.

नंतर लिहायचं ते असं : पहिल्या रकान्यातून दोन वाक्यं, दुसऱ्यातून तीन, मग ‘या दोन्हींमुळे’ने सुरू होणारं एक. सहा वाक्यांत ‘सकारण स्पष्ट करा’चं उत्तर तयार. १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा हा परिणाम आहे, कारण नाही. मुलं सवयीने तोही कारणांत कोंबतात, तेव्हा साल बघायला सांगा. घटनेनंतरची गोष्ट त्या घटनेचं कारण कशी असेल?

उतारा वाचनातही हाच प्रसंग कामाचा. ‘घरं जाळण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर का?’ उताऱ्यात उत्तर थेट दिलेलं नसलं तरी ‘माणसांवर हल्ले तुलनेने कमी झाले’ आणि ‘रोखे हवाली करताच जमाव पांगे’ अशी वाक्यं असली की मूल स्वतः पोचतं : राग कागदावर होता, कर्ज कागदात होतं. उताऱ्याच्या आधी मात्र तीन गोष्टी विचारून घ्यायच्याच. कोणी लिहिलं, केव्हा, कोणासाठी. सरकारने नेमलेल्या आयोगाचा अहवाल सरकारसाठीच असतो. त्यात सावकाराचा दोष ठळक आणि साऱ्याचा फिका असणं स्वाभाविक आहे, हे नववीतली मुलं अचूक पकडतात.

---

वाचनखूण_साठवली

‘का’ आणि ‘तेव्हाच का’ : हे उद्याच वापरणार. +१

---

समोच्चरेषा

भूगोलात वाचायचं असतं ते चित्र : नकाशा, आलेख, तक्ता. आणि आलेखाचं वाक्य करताना भले भले घसरतात.

भारताची लोकसंख्या : १९९१ साली सुमारे ८४.६ कोटी, २००१ साली १०२.९ कोटी, २०११ साली १२१.१ कोटी. दशवार्षिक वाढीचा दर : १९८१–९१ मध्ये २३.९ टक्के, नंतर २१.५, नंतर १७.७. आता फक्त दराचा रेषालेख द्या आणि एक वाक्य लिहायला सांगा. रेषा खाली येतेय, म्हणून वहीत येतं : ‘भारताची लोकसंख्या कमी होत आहे.’ प्रत्यक्षात शेवटच्या दशकात १८ कोटींहून जास्त माणसं वाढली.

म्हणून आलेखाला हात लावण्याआधी तीन गोष्टी मोठ्याने वाचायच्या, क्रम न बदलता : शीर्षक, उभा अक्ष काय मोजतो (एककासकट), आडवा अक्ष काय मोजतो. मगच रेषा. आणि पहिल्या वाक्यात कर्ता उभ्या अक्षावरचाच हवा. अक्षावर ‘वाढीचा दर’ आहे तर वाक्य ‘वाढीचा दर…’ नेच सुरू होणार. एवढ्या एका नियमाने ही चूक जवळपास जाते.

त्यापुढे वाक्यांच्या तीन पायऱ्या. पहिली, दिसतं ते : वाढीचा दर २३.९ वरून १७.७ टक्क्यांवर आला. दुसरी, तुलना : शेवटच्या दशकातली घट आधीच्यापेक्षा जास्त आहे (३.८ विरुद्ध २.४). तिसरी, कारण : इथे आलेख मदत करत नाही, पाठातून आणावं लागतं. मुलं पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतात. तुलनेची पायरी गाळली की उत्तर पाठ केलेलं वाटतं, आणि बहुतेक वेळा ते असतंही.

वरच्या कंसातली वजाबाकी ‘टक्के’ म्हणून लिहू देऊ नका, दर ३.८ टक्के घटला असं नाही. त्रिज्या, हे तुमच्या खात्यातलं.

---

त्रिज्या

होय, ३.८ टक्केबिंदू. २१.५ चा १७.७ झाला म्हणजे दर स्वतः जवळजवळ १८ टक्क्यांनी घटला. ‘नी’ हा प्रत्यय आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय इथे सगळं ठरवतात : १७.७ टक्क्यांवर आला, १७.७ टक्क्यांनी आला नाही.

---

दोन_बाक

सेमीबद्दल कोणी बोललं नाही. विज्ञान-गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. तिथल्या चुका बऱ्याचदा मराठीतूनच येतात. आपल्याकडे जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा अशा जोड्या लागतात, म्हणून मूल ‘ऑलदो’ नंतर हमखास ‘बट’ लिहितं, ‘व्हेन’ नंतर ‘देन’, आणि ‘बिकॉज’ असलेल्या वाक्यात पुन्हा ‘सो’. चूक सांगून जात नाही. दोन्ही वाक्यं फळ्यावर वरखाली लिहा, मराठी जोडीतल्या दोन्ही शब्दांना गोल करा, खालच्यात एकच गोल येतो हे दाखवा. एका फळ्यात समजतं.

क्रमही ठरवून घ्या : आधी जोडीत मराठीत तोंडी, त्यात संज्ञा तेवढ्या इंग्रजी (‘किरण काचेत शिरताना रिफ्रॅक्ट होतो’), मग इंग्रजीत लेखन. थेट इंग्रजीत लिहायला लावलं की वर्ग पुस्तकातली ओळ उतरवतो.

---

जुनी_वही

ठीक, युक्त्या पटल्या. साठ वह्यांचा प्रश्न तसाच आहे.

---

चौथा_तास

साठ वह्यांत सगळं तपासायचंच नाही. आज फक्त शेवटचं वाक्य बघायचं : प्रश्नातले शब्द तिथे आहेत की नाहीत. असतील तर बरोबरची खूण, नसतील तर रिकामा चौकोन, आणि तो मुलाने भरायचा. एका वहीला अर्धं मिनिट, साठ वह्या अर्ध्या तासात. पुढच्या आठवड्यात फक्त जोडशब्द. लाल शाईने पान रंगवलं की मूल गुण बघतं आणि वही मिटतं.

वेळेचं म्हणाल तर बोर्डाचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या कारणाला सहा मिनिटं मिळतात. चार ओळींचं उत्तर त्यात बसतं, गाईडमधला अर्ध्या पानाचा परिच्छेद बसत नाही.

---

पारा_शून्य

जोडशब्दांच्या या तयार सांगाड्याचा धोकाही नोंदवतो. जोडशब्द पाठ झाले की मुलं ते कुठेही चिकटवतात : ‘हायड्रोजन हलका आहे, त्यामुळे तो रंगहीन आहे.’ वाक्य गुळगुळीत, अर्थ शून्य. म्हणून सांगाडा हळूहळू काढून घ्यायचा. पहिला आठवडा सगळे जोडशब्द दिलेले, दुसरा फक्त पहिला आणि शेवटचा, तिसरा कोपऱ्यात शब्दांची चौकट, चौथा काहीच नाही. आणि अधूनमधून असं खोटं ‘त्यामुळे’ मुद्दाम फळ्यावर लिहून पकडायला लावायचं.

---

शेवटचा_बाक

आठवीत काही मुलं अजून अक्षर जुळवून वाचतात. त्यांचं काय? वरचं सगळं त्यांच्या डोक्यावरून जाईल.

---

नदीकाठ

त्यांना वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका, पहिली गोष्ट. चालू पाठातलाच १०० ते १२० शब्दांचा तुकडा घ्या, बरं वाचणाऱ्या जोडीदाराबरोबर, रोज दहा मिनिटं, तोच तुकडा तीन दिवस. पहिल्या दिवशी जोडीदार वाचतो आणि हा बोट फिरवतो, दुसऱ्या दिवशी दोघे एकत्र, तिसऱ्या दिवशी हा एकटा. चौथ्या दिवशी नवा तुकडा. दुसरी-तिसरीची पुस्तकं हातात देऊ नका, लाजेने मूल वाचनच सोडतं.

अडतं ते बहुतेक लांब शब्दांवर. प्रकाशसंश्लेषण, अपवर्तनांक, उत्सर्जनसंस्था. तास सुरू होताना त्या दिवसाचे चार शब्द फळ्यावर उभ्या रेघा देऊन लिहा : प्रकाश । सं । श्लेषण. सगळ्या वर्गाने दोनदा म्हणायचे. दोन मिनिटं जातात, आणि चांगल्या वाचणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होतो. ‘संश्लेषण’ला ‘सल्लेशण’ म्हणणारे पुढच्या बाकांवरही बसतात.

---

शेवटचा_बाक

धन्यवाद ताई. एक शेवटचं : ‘फरक स्पष्ट करा’मध्ये डावीकडे एक मुद्दा आणि उजवीकडे भलताच, हे कसं थांबवायचं? डावीकडे ‘धातू चकाकतात’, उजवीकडे ‘अधातू उष्णतेचे दुर्वाहक असतात’.

---

चौथा_तास

दोन रकाने आखायच्या आधी मध्ये तिसरा, अरुंद रकाना आखायला लावा आणि तो आधी भरून घ्या : चकाकी, वाहकता, वर्धनीयता (ठोकून पत्रा होणं), तन्यता (ओढून तार होणं). मग प्रत्येक शब्दाच्या डावी-उजवीकडे एकेक वाक्य. मधला शब्द दोन्ही वाक्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात दिसलाच पाहिजे. परीक्षेतही तो रकाना ‘मुद्दा’ म्हणून ठेवला तरी चालतो.

आणि ‘सर्व’, ‘नेहमी’ हे शब्द त्या तक्त्यातून खोडायला लावा, ‘सामान्यतः’ लिहू द्या. आयोडीन चकाकतं, ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, पारा खोलीच्या तापमानाला द्रव असतो. अपवादांची ओळ तक्त्याखाली वेगळी.